अप्पांची सुशीला

२९ डिसेंबर १९४२

सुशीला! सकाळपासून मोजत होतो, चाळिसानंतर सोडून दिलं. अप्पांच्या तोंडात आता हा एकच शब्द उरलाय.

उजवं अंग गेलं. दिवाळीत, पाटावर तेल लावून घ्यायला बसलेले असताना. आईनं शेजाऱ्याकडून पत्र लिहवून घेतलं — ‘थोडं बरं नाही, काळजी नसावी.’ आणि मी खरंच काळजी केली नाही! हैदराबादेत पोरांचे गणिताचे पेपर तपासत बसलो. आज बिदरला गाडीतनं उतरलो, टांगा केला, दारात आलो — तर खाटेवर हे एवढंसं शरीर. हेच का ते पेशकार मुकुंदराव, ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं कचेरी गप्प व्हायची?

“व्यंकटेश आलाय बघा,” आई म्हणाली.

अप्पांनी बघितलं. ओळखलं. आणि म्हणाले, “सुशीला.”

आई सांगत होती — “पहिले पंधरा-वीस दिवस आवाजच न्हवता रे. मग एक दिवस मी खोली झाडायलेय, तर मागून आवाज, सुशीला! म्हटलं देवा, तोंड उघडलं! धावत चुलीकडं गेले, केली, आणली. न्हाई खाल्ली. महिना झाला, रोज करायलेय. रोज भिंतीकडं तोंड फिरवायलेत.”

आमच्या शाळेतले ड्रॉइंगमास्तर पुण्याकडचे. त्यांना एकदा म्हटलं, “या घरी, सुशीला खाऊ घालतो,” तर गडी लाल झाला! त्यांना काय सांगायचं? चुरमुरे पाण्यात बुडवायचे, लगेच घट्ट पिळायचे, मिरची-कांद्याच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याची पूड, शेंगदाणे, लिंबू. झाली सुशीला. आमच्याकडं सकाळी सात वाजता घरोघरी ह्याच फोडणीचा वास. कानडी बोलणारे सुसला म्हणतात, आम्ही सुशीला. बस् इतकाच फरक.

वैद्य म्हणाले, मनापासून चार घास पोटात गेले तर उठतील. पेजेवर माणूस किती दिवस तगणार?

सात वर्षांमागं ह्याच खोलीत आमचं भांडण झालं होतं. “मास्तरकी करायला हैदराबादेत कामून मरायचंय?” ते म्हणाले. मी जे उत्तर दिलं ते इथं लिहवत नाही. त्यानंतर दोघांत ‘केव्हा आलास’ आणि ‘केव्हा जाणार’ एवढंच बोलणं. आता तेही नाही. म्हणून ठरवलंय — आईच्या हातची नको असेल तर दुसऱ्या कुणाच्या हातची हवी असणार. ती शोधायची. ह्या गल्लीतली कढई न् कढई मला ठाऊक आहे. लहानपणी सगळीकडं चोरून खाल्लंय मी! वीस जानेवारीपर्यंत रजा आहे. एवढं तरी माझ्या हातून व्हावं.

३० डिसेंबर

सकाळीच लिंगम्माच्या पडवीत गेलो. पडवी तीच, लाल मातीनं सारवलेली. कढई तीच, लिंगम्मा मात्र कढईमागं दिसेनाशी झालीय — इतकी वाकली. धूर कौलातनं वर जात होता आणि कौलाच्या फटीतनं ऊन खाली येत होतं. मी उंबऱ्यावर बसलो आणि खरं सांगतो, नऊ वर्षांचा झालो. खिशात पाटीवरची पेन्सिल आहे की काय म्हणून हात घातला!

“बा रे व्यंकू! किती वाळलास. हैदराबादेत खायाला घालत न्हाईत का काय?”

नको नको म्हणेपर्यंत हातावर दोन मिरचीभजी. वर खुसखुशीत, आत मिरची पोळणारी, तिच्या पोटात चिंचेचा कोळ. जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं. तसंच यायला पाहिजे.

म्हटलं, “सुसला बांधून दे. अप्पांना हवाय.”

“सुसला?” तिनं झारा खाली ठेवला. “त्यांना कशाला सुसला? त्यांना मिरचीभजी दे. चार. कडक तळलेली.”

“लिंगम्मा, अप्पा बाहेरचं खात नाहीत.”

म्हातारी पदर तोंडात घालून हसली. हसता हसता ठसका लागला. “न्हाई खात! वीस वर्सं खाल्ले की! माझ्या ह्या हातचे! दोन हितं, दोन पळसाच्या पानात बांधून.”

मी उडालोच! एकदा माझ्या तोंडाला भज्याचा वास आला म्हणून ह्याच माणसानं मला अंगणात उभं करून अकरा चुळा भरायला लावल्या होत्या. स्वतः मोजल्या होत्या!

सुसला घेऊन घरी आलो. गरम होता. चमचा ओठाला लावला. अप्पांनी डोळे मिटले. “सुशीला,” म्हणाले आणि भिंतीकडं वळले.

३१ डिसेंबर

आज आईनं बिनकांद्याची केली. आजीच्या वेळी तशीच व्हायची म्हणे. नाही.

१ जानेवारी १९४३

कांद्याची, वर खोबरं. नाही. गूळ घालून. नाही. उरलेलं सगळं मी खातो. माझं वजन वाढायलंय आणि अप्पांचं उतरायलंय. कसला हा न्याय!

२ जानेवारी

रेवणसिद्धप्पाची खानावळ. दुल्हन दरवाज्याकडं जाताना डाव्या हाताला, निंबाखाली. पाटी कधीच नव्हती, आजही नाही. वासावर जायचं.

आत अंधार आणि भाकरी थापल्याचा आवाज. थप थप थप. ह्या आवाजावर मला झोप येते, लहानपणापासून. रेवणसिद्धप्पानं ओळखलं नाही, मग नाव सांगितल्यावर दोन्ही हात धरले. जेवल्याशिवाय ऐकणार नाही म्हणाला. ज्वारीची भाकरी, तेलातलं भरलं वांगं, शेंगाची चटणी, दही. वांग्याचं देठ धरून उचललं तर सगळं वांगं अलगद सुटून भाकरीवर बसलं. हैदराबादेत मोठमोठ्या हाटेलांत जेवलोय. असं वांगं नाही. देवाशप्पथ नाही!

कोपऱ्यात बसलो होतो. रेवणसिद्धप्पा म्हणाला, “हे कसं काय? नेमकं तिथंच बसलास!”

“म्हणजे?”

“तुझा अप्पा तिथंच बसायचा. भिंतीकडं तोंड करून. कुणी वळखू नये म्हणून!” तो मांडीवर थाप मारून हसला. “मागून बघून सगळं बिदर वळखायचं की. एवढी मोठी पगडी!”

मी भिंतीकडं बघत बसलो. काळी, तेलकट भिंत. अप्पा इथं बसून ही भिंत बघत भाकरी खायचे. घरी आजीचं कडक सोवळं. पंचा नेसल्याशिवाय पाटावर बसायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही. आणि इथं येऊन ते बोटं चाटायचे. मला एकदम ते माझ्याच वर्गातलं कुणी पोरगं वाटले. हसू आलं.

रेवणसिद्धप्पाच्या सुनेनं मुद्दाम सुसला करून दिला. “पर त्यांनी कधी मागितला न्हाई हं,” म्हातारा म्हणाला. “जाताना शेंगाची चटणी तेवढी पुडीत न्यायचे. घरी पाहिजे म्हणायचे.”

अप्पांनी सुसल्याकडं बघितलंसुद्धा नाही. आईकडं बघत होते. आई म्हणाली, “दुसरी करते,” आणि उठली.

४ जानेवारी

आज दस्तगीरमियाँचा चहाखाना. चौबाऱ्याच्या मनोऱ्याखाली. तिथं सुशीला मिळत नाही हे मला ठाऊक होतं. पण आता मला अप्पांचाच माग लागलाय, खरं सांगायचं तर.

मागच्या दारानं गेलो. सवयच तशी! ब्राह्मणाच्या पोरानं पुढून कसं जायचं? दस्तगीरमियाँ भट्टीपुढं, दाढी पांढरीशुभ्र. मला बघून आधी हसलेच.

“आओ पेशकारसाब के बेटे! अबी बी पीछे के दरवाजे से?”

“चाचा, अप्पा इथं यायचे का हो?”

“हौ! हर जुमेरात, कचेरी छूटे बाद. पीछे के दरवाजे से. तुम इस्कूल छूटे बाद, वो बी पीछे के दरवाजे से. आधे घंटे का फरक! मेरे कू कित्ता डर लगता था, बाप-बेटे दरवाजे में टकरा गए तो?”

एवढी वर्षं त्यांनी दोघांना एकमेकांपासून सांभाळलं! आणि कुणाला बोलले नाहीत. बाकावर बसून चहा प्यालो. लढाईमुळं साखर नाही, गुळाचा चहा. बाहेर चौबाऱ्यावर कबुतरं उडत होती, टांगेवाला घोड्याला पाणी पाजत होता. कुणालाच घाई नाही. वाटलं, अप्पाही इथनं हेच बघत असतील. तेव्हा त्यांचं वय माझ्याएवढंच असणार.

“उनकू ये लेके जाओ,” म्हणून दस्तगीरमियाँनी किटली दिली. पैसे? नक्को, म्हणाले.

आणि अप्पांनी चहा घेतला! तीन चमचे! चौथ्याला तोंड मिटलं, आईकडं बघितलं. “सुशीला.”

“चहासोबत पाहिजे!” आई नि मी एकदमच म्हणालो. ती पळतच चुलीकडं गेली. करून आणेपर्यंत अप्पांना डोळा लागला होता.

५ जानेवारी

चहा आणला. एकच चमचा. सुशीला — नाही.

६ जानेवारी

येळवस, वेळ अमावस्येचा सण. सगळं गाव शेतात जेवायला गेलेलं. डोक्यावर आंबिलीचे घडे घेऊन सकाळीच बाया निघाल्या, गाड्या जुंपल्या, बारा वाजता गल्लीत मी आणि दोन कुत्री. लिंगम्माची पडवी बंद. रेवणसिद्धप्पाचं दार ओढलेलं. चालत चालत चौबाऱ्यापर्यंत गेलो नि आलो. कुठं चूल नाही तरी प्रत्येक दारापाशी त्या त्या दाराचा वास. तळणाचा. भाकरीचा. चहाचा. डोळे मिटून चाललो असतो तरी घर सापडलं असतं. आपण स्वप्नात चालायलोत की काय असं वाटायला लागलं.

दुपारी आमचं रान करणारा अंबाजी आला. पालेभाज्यांची भज्जी, आंबील, तिळाची भाकरी घेऊन. अप्पांच्या पायाशी बसला. “मालक, औंदा तुमच्याबिगर ग्वाड न्हाई लागलं बघा,” म्हणाला आणि पागोट्यानं डोळे पुसले. अप्पा डाव्या हातानं त्याच्या खांद्याला शिवले. आंबील दोन घोट प्याले.

मग आईला, “सुशीला.”

ती उठली.

८ जानेवारी

आज मनात एक घाण विचार आला. लिहू की नको? कोण वाचणार आहे!

अप्पा चोरून भजी खायचे. चोरून खानावळीत जायचे, चोरून चहा प्यायचे. आणि ह्यातल्या एकाही ठिकाणी त्यांनी सुशीला कधी मागितली नाही. मग आणखी काय काय चोरून? सुशीला म्हणजे एखादी बाई तर नव्हे? कुठं औरादला, कुठं कल्याणीला, कचेरीच्या कामानं जायचे तिथली?

लिहिलं आणि पान फाडावंसं वाटलं.

आई मागच्या दारी बसून डाळवं कुटत होती. त्या सुशीलेसाठीच! खलबत्त्याचा आवाज ऐकवेना. हिच्या मनात हे येत नसेल? रोज नवऱ्याच्या तोंडून एक नाव ऐकायचं आणि रोज जाऊन फोडणी घालायची?

९ जानेवारी

न राहवून विचारलं. आडून.

“आई, अप्पा बाहेर खायचे हे तुला ठाऊक होतं?”

आईनं डाळवं पाखडणं थांबवलं. मग तिच्या गालाला खळी पडली. माझ्या आईला खळी पडते! तेहतीस वर्षांत मी कधी बघितलीच नव्हती.

“मग त्या पानातली दोन भजी कुणी खाल्ली वाटलं तुला?”

“तू?”

“सासूबाई दुपारी निजायच्या ना. तेवढ्यात हे कोठीच्या खोलीत यायचे, पान पुढं करायचे. बोलायचे न्हाईत काही. मी दाराकडं कान ठेवून गपागपा खायची. नुसती आग! हाशहुश करायचीसुद्धा चोरी. हे बघून हसायचे.” ती स्वतःशीच हसली. “एकदा शेंगाच्या चटणीची पुडी माझ्या कमरेलाच राहिली आणि सासूबाईंनी विचारलं, लसणाचा वास कुठनं यायलाय गं?”

“मग?”

“म्हटलं, शेजारनं!”

तिचं तोंड सोळा वर्षांच्या पोरीसारखं झालं होतं. मग ती पुन्हा डाळवं पाखडायला लागली. “पर सुशीला कधी आणली न्हाई रे त्यांनी. सगळे म्हणतात सुशीला करावी तर मालतीबाईनंच. मग माझ्या हातची कामून न्हाई लागत गोड? माझं काय चुकायलंय?”

तिच्या मनात तो घाण विचार नव्हता. कालचं पान फाडलं नाही. राहू दे. माझी लायकी मला दिसत राहील.

११ जानेवारी

शेवटचा उपाय म्हणून मल्लप्पाच्या भट्टीवर गेलो. गावातले सगळे चुरमुरे तिथलेच. म्हटलं, शिळ्या चुरमुऱ्यांत राम नसेल! काळी रेती तापलेली, त्यात मल्लप्पानं उकडा तांदूळ टाकला, झाऱ्यानं फिरवला, आणि एका दमात सगळं पांढरं फुललं. लहानपणी आम्ही हे बघायला रांगेनं उभे राहायचो. मल्लप्पा एकेक मूठ गरम चुरमुरे अंगरख्याच्या ओच्यात टाकायचा. आज मी धोतराचा सोगा पुढं केला. तेहतीस वर्षांचा घोडा! त्यानं मूठभर टाकले.

घरी येऊन आईला म्हटलं, आज मी करतो. चूल फुंकताना डोळे गेले. फोडणी करपली, हळद सांडली, हात कोपरापर्यंत पिवळे. ताटली घेऊन अप्पांपुढं बसलो.

खाल्ली नाही.

पण माझ्या हातांकडं बघत राहिले. मग तोंडाची डावी बाजू हलली. हसले! अर्ध्या तोंडानं, पण माझ्याकडं बघून हसले. मी तसाच त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडलो. सात वर्षांमागचं ते उत्तर परत घेतलं. ऐकलं त्यांनी. डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं.

१२ जानेवारी

दोन शब्द! आज अप्पा दोन शब्द बोलले!

सकाळी आई ताटली घेऊन आत गेली, मी दारातच होतो. अप्पांनी तिच्याकडं बघितलं. ओठ खूप वेळ हलत राहिले. घाम आला त्यांना. आणि मग — “सुशीला. बस.”

आई ताटली घेऊन बाहेर आली ती हसत, रडत. “बस झाली म्हणायलेत रे! कंटाळले! दीड महिना रोज तेच तेच, कुणीही कंटाळंल!”

मलाही हसू आवरेना. एवढे दिवस सगळं गाव पालथं घातलं आणि माणूस आता म्हणतो, पुरे! लिंगम्माला सांगितलं तर ती म्हणाली, “शाना हाय तुझा अप्पा. आता भजं मागंल बघ.”

आई लगेच उठली, मऊ भात टाकायला.

१३ जानेवारी

भोगी. सुशीला बंद. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दिली. दोन घास गेले. आई तिसरा कालवायला लागली तर — “बस.”

१४ जानेवारी

तिळगूळ घेऊन गल्ली आली नि गेली. अप्पा दिवसभर बस, बस. घास पुढं केला की बस. नाही केला तरी बस! पाणी दिलं, बस. आईनं उशी नीट केली, बस. आवाज चढायलाय त्यांचा. संध्याकाळी डोळ्यांच्या कोपऱ्यांत पाणी दिसलं.

वैद्यांनी बाहेर बोलावून सांगितलं, “त्यांनी मन काढून घेतलंय. सगळंच पुरे झालं म्हणतायत. तुम्ही समजून घ्या.”

समजलं. सुशीला पुरे, अन्न पुरे, आम्ही पुरे.

आईला सांगावं लागलं नाही. तिनंही तेच ऐकलंय. अप्पा ‘बस’ म्हणाले की ती ओठ दाबून खोलीतनं बाहेर पडते आणि चुलीपुढं जाऊन रडते. त्यांच्यासमोर रडायचं नाही म्हणून.

१५ जानेवारी

रजा वाढवायला अर्ज लिहिला. अप्पांनी आज काहीच घेतलं नाही. आवाजही खाली गेलाय.

१६ जानेवारी

आज सकाळी आई पेजेची वाटी घेऊन गेली. अप्पा म्हणाले, “सुशीला, बस,” आणि डाव्या हातानं खाटेची कड थोपटली. आई जागच्या जागी थांबली. वाटी खाली ठेवली. आणि खाटेच्या कडेला बसली. मी तिला त्यांच्याजवळ बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

अप्पा गप्प झाले. नुसते तिच्याकडं बघत राहिले.

मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली — “मीच रे ती. लग्नाआधी मी सुशीला होते. मांडवात सासूबाई म्हणाल्या, हे कसलं नाव? उद्या सुनेला हाक मारली की खायला मागितलं, कळायचं कसं! सगळे हसले. तांदळात मालती लिहिलं. माहेरी मी सगळ्यांची अक्का. आणि ह्यांनी तर चाळीस वर्षांत कुठल्याच नावानं हाक मारली न्हाई. मीच विसरून गेले होते रे.”

दीड महिना ते तिला बोलवायलेत आणि ती दर खेपेला उठून चुलीकडं जायलीय.

दुपार झाली. आई उठायला लागली होती, स्वयंपाक राहिलाय म्हणून. मी म्हटलं, मी बघतो. तू बस.